लहान मुलांचे शिक्षक होण्यासाठी: अभ्यासक्रम निवडण्यापासून आंतरवासितेपर्यंत

बारावीनंतर ‘मला लहान मुलांना शिकवायचंय’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा लागतो: किती लहान? तीन वर्षांच्या मुलाला आणि सात वर्षांच्या मुलाला शिकवायला वेगवेगळी तयारी लागते. तिथं पोचायचे रस्ते वेगळे आहेत आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रंही वेगळी आहेत. हे न ठरवता प्रवेश घेतलेली अनेक मुलंमुली दोन-तीन वर्षांनी एका चांगल्या पण त्या नोकरीला न चालणाऱ्या पदवीसह उभी राहतात. म्हणून सुरुवात वयोगटापासून.

रस्ता कोणता घ्यायचा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट एकत्र बांधला आहे. त्याला पायाभूत टप्पा म्हणतात: अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरीची दोन. शिकवण्याच्या दृष्टीनं हा निर्णय योग्यच आहे, कारण सहावं वर्ष लागलं म्हणून मूल एका रात्रीत बाकावर बसून शिकायला तयार होत नाही. पण नोकरीच्या नियमांत बालवाडी आणि पहिली यांच्यामधली जुनी भिंत अजून आहे, आणि गोंधळ तिथंच होतो.

सध्या मुख्य रस्ते असे आहेत. पहिला, चार वर्षांची एकात्मिक शिक्षक शिक्षण पदवी, म्हणजे आयटेप. बारावीनंतर थेट प्रवेश आणि पदवी व बी.एड. एकत्र. ही २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाली. प्रवेशासाठी एनटीए ही संस्था एनसीईटी नावाची परीक्षा घेते. ती मराठी धरून १३ भाषांत देता येते. भाषा, निवडलेले विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभियोग्यता असे तिचे भाग आहेत. इथं एक गोष्ट नीट बघा: आयटेप पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक अशा टप्प्यांसाठी आखलेली आहे, आणि प्रत्येक संस्थेत प्रत्येक टप्पा नसतो. माहितीपुस्तिकेत संस्थेच्या नावापुढे टप्पा लिहिलेला असतो. ‘माध्यमिक’ लिहिलेल्या ठिकाणी प्रवेश घेऊन बालशिक्षक होता येत नाही.

दुसरा रस्ता, मानव विकास किंवा बालविकास विषयातली पदवी. हा विषय बहुतेक ठिकाणी गृहविज्ञान विद्याशाखेत मिळतो. मुंबईत महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, जिथं विभागाची स्वतःची बालवाडी अभ्यासाचा भाग म्हणून चालते. मूल कसं वाढतं हे या पदवीत जितकं खोलवर शिकायला मिळतं तितकं दुसरीकडे क्वचितच मिळतं. मात्र ही पदवी एकटी पहिली-दुसरीच्या शासकीय शिक्षकपदाला पुरत नाही. पूर्वप्राथमिक शाळा, पाळणाघरं, स्वयंसेवी संस्था, साहित्यनिर्मिती आणि पुढं एम.एस्सी. किंवा संशोधन यांसाठी ती उत्तम पाया आहे.

तिसरा, दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका. लोक अजून तिला डी.एड.च म्हणतात. ही विद्यापीठाची नाही. प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत बारावीच्या गुणांवर होतो, खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४४.५ टक्के गुण लागतात. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी आजही सर्वांत रुळलेली वाट हीच. धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान अर्हता करण्याचं म्हटलं आहे, त्यामुळे आज डी.एल.एड. करणाऱ्यानं पुढं पदवी पूर्ण करायचं आधीपासूनच मनात धरावं.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. ‘आधी बी.ए. करू, मग बी.एड. करू, आणि पहिलीला शिकवू’ हा बेत आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की दोन वर्षांचं बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठीची पात्रता नाही. तरीही खासगी क्लासवाले ‘बी.एड. करा, सगळीकडे चालतं’ असं सांगतात. ऐकू नका.

‘नर्सरी टीचर ट्रेनिंग’, ‘माँटेसरी डिप्लोमा’ अशा नावांनी सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रमही गल्लोगल्ली मिळतात. त्यांतले काही हाताला चांगलं वळण लावतात. पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या अर्हतेत पूर्वप्राथमिकसाठी किमान दोन वर्षांची पदविका अपेक्षित आहे. छोटा अभ्यासक्रम मुख्य पात्रतेच्या जोडीला करा, तिच्याऐवजी करू नका.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्थेची मान्यता स्वतः तपासा. एनसीटीईच्या संकेतस्थळावर पश्चिम विभागातल्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यात तीन गोष्टी जुळवून बघा: संस्थेचं पूर्ण नाव आणि गाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, आणि मंजूर प्रवेशक्षमता. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ याचा अर्थ मान्यता नाही. एकाच ट्रस्टची चार महाविद्यालयं असतील तर एकाच्या मान्यतेवर दुसऱ्याची जाहिरात होऊ शकते, म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचा.

मग प्रत्यक्ष जाऊन या. पाहण्यासारखी गोष्ट एकच: विद्यार्थ्यांना मुलं कुठं आणि कधी भेटतात? आवारात बालवाडी आहे का, नसेल तर कुठल्या शाळांशी जोडणी आहे, पहिल्या वर्षी किती दिवस निरीक्षणाला पाठवतात? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर इमारत कितीही देखणी असली तरी पुढची संस्था बघा.

कागदपत्रांत बहुतेकांचं अडतं ते जात वैधता, नॉन क्रीमीलेअर आणि नावातल्या फरकावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, असं असेल तर प्रवेशफेरी सुरू होण्याच्या दोन महिने आधी दुरुस्तीला टाका.

हजेरी हलक्यात घेऊ नका. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार डी.एल.एड. आणि बी.एड.ला वर्गातल्या कामासाठी ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, ९० टक्के उपस्थिती लागते. रोज दोन तास प्रवास करून यायचं असेल तर हे गणित आधीच मांडा.

पहिलं काम: बघायला शिकणं

नवख्यांना घाई असते ती शिकवायची. पण या शिक्षणाचा कणा निरीक्षण आहे. तीन-चार वर्षांचं मूल ‘मला कळलं नाही’ असं म्हणत नाही. ते उठून जातं, शेजाऱ्याला ढकलतं, बोट तोंडात घालतं किंवा फक्त मान हलवतं. हे वाचता आलं नाही तर सगळं शिकवणं अंदाजपंचे होतं.

निरीक्षणवहीत सर्वांत जास्त लाल शाई पडते ती निष्कर्ष लिहिल्यामुळे. ‘आज मूल चिडचिडं होतं, त्याला खेळात रस नव्हता’ ही नोंद नव्हे, हे तुमचं मत झालं. नोंद अशी असते: ‘९.४० ते ९.५०. ठोकळ्यांचा कोपरा. वय ४ वर्षं २ महिने. सहा ठोकळे एकावर एक ठेवले. सातवा ठेवताना मनोरा पडला. दोन ठोकळे लांब सरकवले. शेजारच्या मुलीकडे पाहिलं. तिनं रुंद ठोकळा खाली ठेवलेला पाहून तसाच एक शोधला आणि पुन्हा सुरुवात केली.’ पहिली नोंद वाचून काहीच करता येत नाही. दुसरी वाचून कळतं की हे मूल पाहून शिकतंय, तोल म्हणजे काय हे त्याला उमगायला लागलंय, आणि उद्या त्याच्यासमोर वेगवेगळ्या रुंदीचे ठोकळे ठेवायला हवेत.

मुलाचं नाव लिहू नका, अक्षरखूण वापरा. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा, कारण या वयात सहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. मुलाचं बोलणं जसंच्या तसं लिहा, शुद्ध करू नका. ‘मी गेलतो’ ला ‘मी गेलो होतो’ केलंत की भाषाविकासाचा पुरावाच पुसला गेला.

तीन पद्धती पहिल्याच सत्रात हाताखालून घाला. पहिली प्रसंगनोंद, ठोकळ्यांच्या कोपऱ्याची वर दिली तशी. दुसरी वेळ-नमुना: एकच मूल निवडा, वीस मिनिटं, दर दोन मिनिटांनी ते काय करतंय हे एका ओळीत. दहा ओळी होतात. ‘हे मूल एकलकोंडं आहे’ असं सगळे म्हणत असतात आणि दहापैकी सहा ओळींत ते कुणाशी तरी बोलत असतं, असं पुष्कळदा निघतं. तिसरी पडताळा सूची: कात्री धरता येते का, एका पायावर उभं राहता येतं का, तीन सूचना लागोपाठ पाळता येतात का. सूची सोपी वाटते म्हणून विद्यार्थी फक्त तीच भरतात. तिच्यात ‘हो-नाही’ कळतं, ‘कसं’ कळत नाही. तिला प्रसंगनोंदीची जोड द्याच.

बसायची जागाही महत्त्वाची. भिंतीला टेकून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातात छोटी वही. मोठं रजिस्टर आणि मोबाइल पाहिला की मुलं तुमच्याकडे येतात आणि नोंदवायचा खेळ तिथंच मोडतो.

साहित्य तयार करताना

विकतचं साहित्य आणून पाठ घेतला की परीक्षक एक प्रश्न विचारतात: हे का निवडलं? स्वतः केलेल्या साहित्याचं उत्तर तुमच्याकडे असतं. बालशिक्षणाच्या क्षेत्रातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं ते पानं, बिया, शिंपले, खडे यांच्या जोरावर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीमागची कल्पना तिथंच रुजली. आजच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी भरलेल्या वर्गात हा विचार विसरू नये.

खरकागदाची, म्हणजे सँडपेपरची, अक्षरं सगळ्यांना करावी लागतात. पुठ्ठा साधारण १५ बाय १२ सेंटिमीटर, अक्षराची उंची ८ ते १० सेंटिमीटर, कागद १०० ते १२० नंबरचा. ४० किंवा ६० नंबरचा घेतला तर तीन वेळा गिरवल्यावर मुलाची बोटं हुळहुळतात आणि ते पुन्हा हात लावत नाही. अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला उलटं काढून कापायचं; सरळ काढलं तर चिकटवताना आरशातलं अक्षर होतं. चिकटवून झालं की रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, नाहीतर पुठ्ठा वाकतो. सुरुवात कुठून करायची तिथं एक रंगीत टिंब द्या, आणि शिरोरेषा शेवटी गिरवायची हे स्वतःच्या बोटानं दाखवा.

खेळायचं पीठ हे स्वस्त आणि फार उपयोगी साहित्य. बोटांच्या स्नायूंना त्याच्याइतका व्यायाम पेन्सिल देत नाही. दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, आणि साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालत. रंगाला हळद किंवा बीटाचा रस. मीठ कमी केलं तर दोन दिवसांत वास येतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून पीठ चिकट होतं, तेव्हा वरून कोरडं पीठ मळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आठवड्याभरानं नवं करा. वर्गात गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर तांदळाच्या पिठाचं करा.

मोजायला चिंचोके, गजगे, आइस्क्रीमच्या काड्या चालतात. पण तीन वर्षांच्या आतली मुलं असतील तर साधारण सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू त्यांच्या हाती देऊ नका. त्या घशात अडकतात. हरभरे, वाटाणे, राजमा थोड्या मोठ्यांनाही देताना विचार करा: नाकात गेलेला दाणा ओलाव्यानं फुगतो आणि मग डॉक्टरच लागतो. साहित्य वाटताना आणि गोळा करताना मोजायची सवय लावा. मोजणीचा तो मुलांसाठी सर्वांत खरा पाठ असतो.

टाचण

पाठाचं टाचण, म्हणजे पाठाचा आधी लिहिलेला आराखडा, कसा लिहावा यावर शिक्षक तासन् तास बोलतात, तरी चुका ठरलेल्याच होतात. पहिली, उद्दिष्ट आभाळाएवढं. ‘मुलांना प्राण्यांची माहिती होईल’ हे तपासणार कसं? ‘मुलं चित्र पाहून चार पाळीव प्राण्यांची नावं सांगतील आणि दोघांचे आवाज काढतील’ हे तपासता येतं. वीस मिनिटांच्या कृतीला एकच उद्दिष्ट पुरे.

दुसरी चूक, टाचणात शिक्षकाचंच बोलणं भरलेलं. पानाच्या मध्यावर उभी रेघ मारा: डावीकडे तुम्ही काय करणार, उजवीकडे मुलं काय करणार. उजवी बाजू रिकामी दिसली की पाठ बिघडणार हे शाळेत जायच्या आधीच कळतं.

तिसरी, साहित्याचा आकडा नसणं. वीस मुलं, चार-चारांचे पाच गट, म्हणजे पाच वाट्या गोंद, पाच ओले फडके, पंचवीस कागद. पाच जास्तीचे कागद हवेतच, कारण कुणाचा तरी फाटतोच. कात्र्या सहाच असतील तर ते टाचणात लिहा आणि कापण्याचं काम एका गटालाच द्या.

चौथी, दोन कृतींमधली फट. गोष्ट संपली, आता हात धुवायला जायचं, आणि वीस मुलं एकदम उठली. गोंधळ मुलांमुळे झाला नाही, त्या दोन मिनिटांचा विचार न केल्यामुळे झाला. ‘लाल रंगाचे कपडे घातलेल्यांनी आधी’ किंवा एखादं कृतिगीत म्हणत चार-चार जणांना उठवायचं, हेही टाचणात लिहायचं असतं. आणि ज्यांचं काम आधी संपेल ती काय करतील? त्यांच्यासाठी एक ओळ ठेवाच.

दिवसाची आखणी करताना हालचालीची आणि शांत कामं आलटून पालटून ठेवा. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या मानकांत बालवाडीचा दिवस तीन ते चार तासांचा आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती असं प्रमाण धरलं आहे. त्या वेळात सुरुवातीचा मुक्त खेळ अर्ध्या तासापेक्षा कमी करू नका. पहिली दहा मिनिटं मूल नुसतं इकडून तिकडं फिरतं, खेळ खरा रंगतो तो त्यानंतर. गोल करून गप्पा दहा-पंधरा मिनिटं, गोष्ट दहा-बारा मिनिटं, मैदान अर्धा-पाऊण तास. डब्याला घाई नको, झाकण उघडणं हीसुद्धा या वयात शिकायची गोष्ट आहे.

पाठ झाल्यावर ‘चिंतन’ या रकान्यात ‘पाठ छान झाला, मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला’ एवढंच लिहिलेल्या वह्या परत येतात, आणि याव्यात. कुठल्या मिनिटाला मुलं सुटली, का, आणि उद्या काय बदलणार, एवढी तीन वाक्यं पुरतात.

भाषा आणि गणित: इथं सर्वांत जास्त वेळ द्या

पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तो नीट वाचा, मराठीतही वाचा. त्यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र, आणि सर्वांत शेवटी चिन्ह, म्हणजे अंक किंवा अक्षर. वर्गात नेमकं उलटं घडतं. जूनमध्ये आलेल्या मुलाच्या हाती जुलैत पाटी-पेन्सिल आणि ‘एक’ गिरवायला. पालकांना वही भरलेली दिसते, मुलाला मात्र एक म्हणजे किती हे ठाऊक नसतं.

वाचनाची सुरुवात अ, आ, इ या क्रमानं करण्याची गरज नाही. शब्दकोश बघायला तो क्रम हवा, वाचायला शिकायला नको. क, म, ल आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, काम, लाल, कमल, कमाल, मला असे खरे शब्द वाचता येतात. त्यात न घातला की नाक, कान, मान आले, आणि मूल वाचता वाचता त्या अवयवाला हात लावून दाखवू शकतं. लिहिताना मात्र वळणाचा विचार करा. ग, म, भ, न यांना उजवीकडे उभी रेघ समान असल्यानं ती अक्षरं एका कुटुंबातली म्हणून एकत्र घेतली जातात. पहिली वेलांटी जरा उशिरा आणा: ती अक्षराच्या आधी दिसते पण नंतर उच्चारली जाते, त्यामुळे मूल ‘कि’ ला ‘इक’ वाचतं. तो मुलाचा आळस नाही, लिपीचीच अडचण आहे.

गणितात मराठी मुलांची एक खास अडचण आहे. ‘तेवीस’ ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना दोन आधी. मूल ३२ लिहितं ते ऐकल्याबरहुकूम. ‘एकोणतीस’ तर तीस ऐकवतो आणि २९ लिहायला सांगतो, म्हणून ३९ लिहिलेलं दिसतं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत जोडीला दिली तेव्हा वाद पेटला होता, पण तिच्यामागचं कारण वर्गात रोज दिसतं. उपाय साधा आहे: दहा काड्यांची जुडी रबरानं बांधा. दोन जुड्या आणि तीन सुट्या हातात धरून ‘वीस आणि तीन, तेवीस’ असं म्हणा, मग अंककार्डं ठेवा, मग लिहा. जुड्या मुलांनीच बांधायच्या. तयार जुडी दिली तर ती मुलाला एक वस्तू वाटते, दहा नाही.

घरी वारली, भिली, कोरकू, गोंडी, कोकणी किंवा हिंदी-उर्दू बोलणारी मुलं तुमच्या वर्गात असतील. त्या गावी जायच्या आधी त्यांच्या भाषेतले चाळीस-पन्नास शब्द शिका: पाणी, भूक, दुखतंय, शू, आई, ये, बस, छान. मुलगी तिच्या भाषेत बोलली तर मराठीत बोल असं म्हणू नका. तिचं ऐकून तेच मराठीत सहज म्हणा आणि पुढं चला.

प्रश्न विचारल्यावर थांबा. निदान पाच सेकंद. नवीन शिक्षक एका सेकंदात स्वतःच उत्तर देतो, आणि मुलं लवकरच शिकतात की गप्प राहिलं की काम भागतं. ‘कोण सांगेल?’ विचारलं की वीस आवाज येतात, ‘कळलं का?’ विचारलं की वीस माना हलतात. दोन्हींतून काहीच समजत नाही. ‘हे पान पाण्यात टाकलं तर काय होईल?’ विचारा आणि टाकून बघा.

आंतरवासिता

पहिल्या आठवड्यात शिकवायचा आग्रह धरू नका. वर्गाच्या ताईंना किंवा बाईंना विचारा, त्यांच्या हाताखाली काम करा: चपला लावणं, हात धुणं, डबे उघडणं. मुलं तुमच्या हाताला सरावली की पाठ अर्धा सोपा होतो. शिकवायचं ते वर्गशिक्षिकेच्या नियोजनात बसेल असं निवडा. तुमचा पाठ त्यांच्या दिवसावर आदळला तर पुढचे सहकार्याचे दरवाजे बंद होतात.

जूनमध्ये रडणारी मुलं असतात. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होतात, तिथं हे जूनअखेरीस घडतं. रडणाऱ्या मुलाला ‘आई इथंच बाहेर उभी आहे’ असं खोटं सांगू नका. ‘डबा खाल्ला, मैदानावर खेळलो, गोष्ट ऐकली की आई येणार’ असा दिवसाचा क्रम चित्रांत दाखवा आणि प्रत्येक टप्प्यावर त्या चित्रापाशी न्या. घड्याळ त्याला कळत नाही, क्रम कळतो. आईनं निरोप न घेता गुपचूप निघून जाऊ नये, हे पालकांना आवर्जून सांगा.

आवाज सांभाळा. दुसऱ्या आठवड्यात घसा बसणारे छात्राध्यापक दर वर्षी असतात, कारण ते गोंगाटावर ओरडून मात करायला जातात. मुलांना गोळा करायला टाळ, घुंगरू किंवा ठरलेलं बडबडगीत वापरा. सूचना द्यायची असेल तेव्हा मुलाजवळ जा, खाली बसा, हळू बोला.

सुरक्षिततेबाबत नियम माहीत असणं ही सक्तीच समजा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तो कायदा सहा ते चौदा वयासाठी असला तरी त्याहून लहानाला हात लावायची मुभा कुणालाच मिळत नाही. पॉक्सो कायदा २०१२ नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या कुणीही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी संस्थेत चर्चा करू’ म्हणून थांबता येत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलाला कुणाच्या हाती द्यायचं याची यादी शाळेत असते; ओळखीचा दिसला तरी यादीबाहेरच्या माणसाकडे सोपवू नका. मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकू नका, पाठ कितीही छान झालेला असो.

परीक्षा आणि पहिली नोकरी

पहिली ते पाचवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर एक द्यावा लागतो. महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पात्रतेला ६० टक्के, मागास प्रवर्गांना ५५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. प्रमाणपत्र आता आजीवन वैध असतं. त्यानंतर भरतीसाठी टेट नावाची २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरची नोंदणी. पात्रता परीक्षा टीईटी आणि भरतीची टेट यांची गल्लत पुष्कळ जण करतात. दोन्ही वेगळ्या आहेत, दोन्ही लागतात.

अंगणवाडी सेविकेची भरती महिला व बालविकास विभागाकडून, स्थानिक रहिवासी महिलांमधून होते आणि त्याला बारावी उत्तीर्ण पुरतं. बालविकासाची पदवी असलेल्यांना त्याच विभागात पर्यवेक्षिकेच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेवता येईल.

खासगी बालवाडीत मुलाखतीला प्रात्यक्षिक पाठ असतो, दहा-पंधरा मिनिटांचा. बहुतेक जण रंगीबेरंगी साहित्याची मोठी पिशवी घेऊन जातात आणि निम्मा वेळ मांडामांडीत घालवतात. एक गोष्ट, एक वस्तू, एक कृती एवढंच न्या. सोबत एक फाईल ठेवा: दोन चांगल्या निरीक्षण नोंदी, एक टाचण त्याच्या चिंतनासह, तीन साहित्यांचे फोटो आणि प्रत्येकाखाली ते का केलं याचं एक वाक्य. मुलांचे चेहरे त्यात नकोत.

तुम्हीही प्रश्न विचारा. एका ताईमागे किती मुलं? मदतनीस पूर्ण वेळ आहेत का? तीन वर्षांच्या मुलांना रोज लेखनाचा गृहपाठ असतो का? मुलांना बाहेर खेळायला रोज किती वेळ मिळतो? नियुक्तिपत्र लेखी मिळेल का, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला पगार त्यात धरला आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो रुजू होण्याआधी विचारायचा असतो. एप्रिलच्या शेवटी विचारून उपयोग होत नाही.